लीलेने पुनर्विवाह का केला नाही?



गडकऱ्यांचे ‘प्रेमसंन्यास’ हे नाटक १९१२ साली रंगभूमीवर आले. त्यातली लीला बालविधवा. तिचे जयंतावर प्रेम आहे. पण जयंताचे लग्न मनोरमेशी झालेले. या प्रेमाचा शेवट दुःखाचा होतो. नाटक पाहून माणसे विचारतात, जयंत मिळत नव्हता तर लीलेने दुसऱ्या कोणाशी पुनर्विवाह का केला नाही? कायद्याची मुभा तर १८५६ पासून होती. यावर नेहमीचे उत्तर असे की, तिचे प्रेम एकनिष्ठ होते. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. करार हाती आला की आधी कपातीचे कलम शोधायचे, ही माझी सवय. तो १८५६ चा कायदा तसाच वाचून पाहा. पहिले कलम पुनर्विवाहाला मान्यता देते. दुसरे सांगते की, विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा आणि पोटगीचा तिचा हक्क, जणू ती मेलीच असे धरून, संपेल. ज्या जातींत पाट लावायची चाल जुनीच होती, त्यांनाही मुंबई हायकोर्टाने हे कलम लावले. उलट १८८० साली मणिराम कोलिता खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, मिळकत एकदा वारशाने आल्यावर विधवेचे पाऊल वाकडे पडले तरी ती काढून घेता येत नाही.

म्हणजे चोरून प्रेम केले तर शेत राहते. चारचौघांत माळ घातली तर शेत जाते! वर बहिष्कार आहेच. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. कर्वे फर्गसन कॉलेजात प्राध्यापक होते, ते टिकले. निराधार बाईने कोणाच्या भरवशावर टिकावे?

लीलेच्या नावावर शेत होते की नव्हते, हा माझा प्रश्न नाही. ज्या समाजात ती वाढली, तिथे प्रेम झाकावे आणि लग्न टाळावे ही शिकवण पोथीने दिली, तशी कायद्यानेही दिली. अशा ठिकाणी एकनिष्ठेची परीक्षा घेणे सोपे असते.

तो कायदा १९८३ साली रद्द झाला. पण १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना काढून पाहा. विधवेचे निवृत्तिवेतन मरेपर्यंत किंवा पुनर्विवाह करीपर्यंत, असे तीत लिहिले. तेच जुने कलम नव्या कागदावर आले! नवऱ्याने आयुष्यभर घाम गाळून कमावलेला तो पैसा आहे. नवऱ्याच्या मागे बाईने कपाळावर पुन्हा कुंकू लावले म्हणून तो घाम वाया गेला काय?

मंगळवेढा ही दामाजीपंतांची भूमी. दुष्काळात कोठार उघडताना त्यांनी माणसाची भूक पाहिली. आपल्या संघटनांनीही पगारवाढीच्या मागणीशेजारी ही मागणी लिहावी: विधवेने लग्न केले म्हणून तिचे निवृत्तिवेतन थांबू नये. ते मान्य झाल्यावर ज्या लीलेला एकटे राहायचे असेल तिने खुशाल राहावे. मग ते तिच्या मनाचे असेल.