पावतीपलीकडची किफालत

मालेगावच्या तरुण मित्रांनो, यतीमखान्याची पावती फाडली की जबाबदारी संपली, असे मीही समजत होतो. पण तान्ह्या बाळाला दूध आणि छप्पर पुरत नाही. रडल्यावर जवळ घेणारे रोजचे तेच माणूस लागते. संस्थेत पाळी बदलते, तसे हातही बदलतात. रुमानियात २००० साली संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांना माणसांचा लळा अधिक चांगला लागला. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांनाही दरमहा मदत देते. म्हणून नात्यात मूल पोरके झाले, तर आधी मामू-खालांना विचारा, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला भेटा. किफालतीसाठी घरात जागा करावी लागते.