शाळेचा पाया : पालकांचा विश्वास
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित अंश)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे कौतुक करण्यासाठी आपण जमलो आहोत. परंतु सुवर्णमहोत्सव हा आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. म्हणून आज मी आपल्यासारख्याच, पण परदेशातून आलेल्या एका धर्मसंस्थेने चालविलेल्या शाळेची कथा सांगणार आहे. तिचा एक धागा आपल्या जालन्यापर्यंत येतो.

स्कॉटलंडमध्ये १६९६ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी, असे ठरले. शाळागृह आणि शिक्षकाचे वेतन ही जमीनदारांची जबाबदारी, तर देखरेख धर्मसंस्थेची. पैसा, देखरेख आणि अध्यापन ही तीन कामे तीन हातांत वाटलेली होती. या परंपरेत वाढलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी गिरगावात इंग्रजी शाळा काढली. आजच्या विल्सन महाविद्यालयाचे हे मूळ होय.

शाळेचा लौकिक वाढत असतानाच १८३९ मध्ये तिच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात खळबळ उडाली. पालकांनी मुले भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री परळीकर हा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बारा वर्षांच्या आसपास, मिशनऱ्यांकडेच राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळविला. त्याला पुन्हा ज्ञातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. ज्या बापाने विद्येसाठी मुले पाठविली, त्याच्यावर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ यावी, यातच त्या शाळेचे अपयश दिसते. शिक्षक विद्वान होते, परंतु पालकांचा विश्वास तुटला होता.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या ‘फ्री चर्च’मध्ये गेले, जवळजवळ पूर्ण झालेली शाळेची नवी इमारत त्यांना सोडावी लागली. त्यांनी दुसऱ्या जागेत वर्ग सुरू ठेवले. चौपाटीवरील आजची देखणी वास्तू उभी राहिली ती १८८९ मध्ये, विल्सन यांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी. इमारत गेली तरी संस्था टिकली, कारण अध्यापनात खंड पडला नाही. गेलेला विश्वासही वर्गातील कामानेच हळूहळू परत मिळवावा लागला.

हेच नारायण शेषाद्री पुढे पाद्री होऊन जालन्यास आले. त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत वसविली. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता.

आणखी एक गोष्ट आपणांस विशेष वाटेल. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर नवतत्त्वासह १८४८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. ते करणारे जॉन स्टीव्हन्सन हेही स्कॉटिश पाद्रीच होते. परक्याचा धर्म समजून घेणे वेगळे आणि परक्याच्या मुलाचा धर्म बदलू पाहणे वेगळे!

स्कॉटलंड स्वतःही पुढे शिकला. १८७२ च्या कायद्याने शाळा लोकनियुक्त मंडळांकडे आल्या. त्या निवडणुकीत स्त्रियांनाही मत देता येई आणि उभे राहता येई. धर्मपाठ शाळेच्या वेळेच्या आरंभी वा शेवटी ठेवावा आणि पालकाची इच्छा नसेल तर मुलाला त्यातून वगळावे, अशी तरतूद झाली. १८८८ पासून माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी शालान्त प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. त्यामुळे शाळेच्या दर्जाला सर्वांना मान्य असे एक माप मिळाले.

आता आपल्याकडे वळू या. दिनांक २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. परंतु अनुच्छेद २८ हेही सांगतो की, शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणास बसविता येणार नाही. पहिले कलम आपण तत्परतेने पाठ करतो. दुसरेही तितकेच पाठ असावे.

आपल्या समाजाच्या शाळांत इतर समाजांची मुलेही विश्वासाने येतात. त्यांच्या आईवडिलांनी आपल्या हाती पोटचा गोळा सोपविलेला असतो. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांना याहून मोठी परीक्षा कोणती? विश्वस्तांनी निधी उभारावा, मुख्याध्यापकांच्या कामात ढवळाढवळ करू नये. शिक्षकांनी शिकवावे आणि पालकांचे मन जाणून घेण्याची व्यवस्था असावी. आपल्या मुलाने अहिंसा आपल्या आचरणातून शिकावी, एवढे पुरे आहे.

दगड-विटांचा जीर्णोद्धार दात्यांच्या औदार्याने होतो. गमावलेल्या विश्वासाचा जीर्णोद्धार मात्र पिढ्या घेतो. पुढील पन्नास वर्षांत हा विश्वास अक्षुण्ण राहो, हीच वीतराग प्रभूंच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!