कणखर खेळ कोणता?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडासप्ताहात, बडोदे येथे केलेले भाषण)



काल संध्याकाळी कबड्डीचे सामने संपल्यावर मंडपामागे चहा चालला असता आपल्या तरुण मंडळींत मोठा वाद जुंपला. अमेरिकेहून सुटीवर आलेले एक चिरंजीव म्हणत होते की, तिकडच्या फुटबॉलपुढे आपली कबड्डी म्हणजे भातुकली. त्यावर आपल्या एका संघाचे कप्तान उसळून म्हणाले, "अंगाला गाद्या बांधून खेळतात, तो काय मर्दांचा खेळ?" वाद मिटेना, तेव्हा "काका, तुम्हीच सांगा" असे म्हणून तो आमच्या गळ्यात घालण्यात आला. आज कार्यवाहांनी बोलायला उभे केलेच आहे, तर तेवढेच उत्तर देतो.

आधी गाद्यांचे पाहू. १९०५ साली अमेरिकेत त्या फुटबॉलच्या एका हंगामात किमान अठरा तरुण दगावले. घोळका करून एकमेकांवर तुटून पडावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथल्या मंडळींना बोलावून घेतले, आणि पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मोकळीक मिळाली, म्हणजे घोळके जरा पांगले. डोक्यावरचा टोप व्यावसायिक खेळात सक्तीचा झाला तो १९४३ मध्ये. पण टोपाने कवटी वाचते. आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच. शिवाय टोप घातलेला गडी डोके बिनदिक्कत पुढे घालतो. पिट्सबर्गचे नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर २००२ साली वारले, तेव्हा डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला. वर्षानुवर्षे बसलेल्या दणक्यांची खूण त्यात सापडली. मुष्टियुद्धातल्या हातमोज्यांचेही तेच आहे. ते हात सांभाळतात. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर मूठच मोडते, मोज्याने मात्र खुशाल मारता येते. तेव्हा गाद्यांवरून कोणाला हिणवू नये.

बरे, गाद्या नसलेल्या रग्बीत तरी काय आहे? २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्टीव्ह थॉम्प्सन होते. तो चषक जिंकल्याचे आपल्याला आठवतच नाही, असे त्यांनी २०२० साली सांगितले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते.

आमचा स्वतःचा ओढा कुस्तीकडे, हे लपवीत नाही. कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही. पण मानेवर दुसऱ्याचा सगळा भार घेऊन लाल मातीत रेटत राहावे लागते, आणि जुन्या पहिलवानाचे कान पाहिले की त्याने काय सोसले ते वेगळे विचारावे लागत नाही. १९१० साली लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची लढत अडीच तासांवर चालली आणि बरोबरीत सुटली. झ्बिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून पडला होता, म्हणून लोक त्याला हसतात. आम्हाला मात्र वाटते की गामाखाली अडीच तास पडून राहणे हेही येरागबाळ्याचे काम नव्हे! पुढे १९२८ मध्ये पतियाळास गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले, ती गोष्ट निराळी.

जपानच्या सुमोत तर वजनाचे गटच नाहीत. दुपटीने जड माणूस समोर आला तरी भिडावयाचे, आणि वरच्या दोन वर्गांतल्या मल्लांनी पंधरा दिवस रोज भिडावयाचे. तिथे वेदना दाखविणे कमीपणाचे मानतात. मार्च २०२१ मध्ये हिबिकिर्यू नावाचा अठ्ठावीस वर्षांचा मल्ल डोक्यावर आपटला. मदत पोहोचेपर्यंत काही मिनिटे तो तसाच पालथा पडून होता. महिनाभराने तो वारला.

याच्या उलट वज्रमुष्टी पाहा. हाताच्या बोटांत शिंगाचे टोकदार आयुध घालून जेठी मल्ल झुंजतात. आपल्या बडोद्यात गायकवाडांच्या दरबारी या झुंजी होत असत. म्हैसूरच्या राजवाड्यात दसऱ्याला आजही होतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण म्हैसुरास रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबते. जे सर्वांत भयंकर दिसते, त्यातच केव्हा थांबावयाचे ते सर्वांत स्पष्ट ठरलेले आहे. आमच्या मते खेळाखेळांतला खरा फरक इथे आहे.

आता आपली कबड्डी. तिचे नियम घालून देण्यात बडोद्याचा मोठा वाटा आहे. १९२३ साली इथल्या हिंद विजय जिमखान्याने ते छापले. उघड्या अंगाने, एका दमात, एकट्याने सात जणांत शिरावयाचे, हा खेळ कणखर नाही असे कोण म्हणेल? पण एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती आमचीच आहे.

बरीच वर्षे झाली. आम्ही संघाचे मार्गदर्शक होतो. आपला एक चढाईपटू पकडीत सापडला आणि कोणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. उठला तो भलत्याच दिशेला चालू लागला. लोक हसले, आम्हीही हसलो. तोंडावर पाणी मारले, कपाळाला हळद चोपडली, "वाघ आहेस" म्हणून पाठ थोपटली आणि परत आत पाठविले. त्याने दोन गुण आणले, सामना आपण जिंकला. रात्री जेवताना त्याने आईला तीन वेळा विचारले, "सामना किती वाजता आहे?" मग ओकाऱ्या सुरू झाल्या. मुलगा वाचला. पण वर्षभर पुस्तक उघडले की डोके दुखू लागे. परीक्षा बुडाली ती बुडालीच. त्याची आई आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. त्या सामन्याची ढाल कार्यालयाच्या कपाटात आहे. दरवर्षी कोणीतरी ती पुसून ठेवतो.

म्हणून यंदा कार्यकारिणीने आमच्या विनंतीवरून ठरविले आहे की, डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, आणि पुढे केव्हा उतरावयाचे ते डॉक्टर सांगतील. कप्तान नव्हे, त्याचे वडील नव्हेत, आम्हीही नव्हे. काल एका संघाचा कोपऱ्यावरचा चांगला गडी डोक्यावर आपटला. "मला काही झाले नाही" असे तो शपथेवर सांगत होता. उद्याच्या उपांत्य सामन्यात तो नाही. त्याचे कप्तान म्हणजे चहाच्या वेळी वाद घालणारे तेच चिरंजीव. तेव्हापासून ते आमच्याशी बोललेले नाहीत, आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी खुशाल रागवावे.