छताचं पाणी आणि शेजार



२००५ आणि २०१९ साली पंचगंगेचा पूर आपण पाहिला. नदीचं पाणी आपल्या हातात नाही. पण आपल्या छताचं आहे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे ९३० लिटर पाणी जमतं. ते जातं कुठं?

माझ्या घरचं पाणी कितीतरी वर्षं शेजारच्या कंपाउंडात जात होतं. पाईप मीच तिकडं वळवला होता. पुढं शेजारच्या काकांच्या भिंतीला चीर पडली. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बघ की जरा." मला मान वर करता येईना.

आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पायाच्या एकाच बाजूला पाणी मुरत राहिलं, तर तिथली जमीन हलते आणि भिंत चिरते. म्हणून पाईपचं तोंड भिंतीच्या बुडाशी ठेवू नका. पुढं पाईप जोडून पाणी उतारानं पावसाच्या गटारीत न्या. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. चेंबर तुंबला की घाण पाणी उलटं घरात येतं. रोहिणी नक्षत्रातच गच्चीवरच्या जाळीतला पाला काढा, बादलीभर पाणी ओतून बघा.

माझा पाईप मी फिरवून घेतला. एका रविवारचं काम होतं. मी ते वर्षानुवर्षं टाळलं. मृगाआधी प्रत्येकानं आपला पाईप शेजाऱ्याच्या दारात उभं राहून बघावा, एवढीच विनंती.