पाणकणीस ओळखा, रानातलं पाणी ओळखा



खंडाळा तालुका म्हटला की पाण्याची ओढ, हे आपण जाणतोच. पण नीरेकाठी आणि कालव्याखालच्या सखल तुकड्यांत उलटी तक्रारही असते, की रानातलं पाणी हटत नाही. अशा ठिकाणी चारीच्या कडेला एक उंच गवत दिसतं. त्याला कोणी रामबाण म्हणतं, कोणी पाणकणीस.

ते पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढतं. पाती लांब, चपटी, बोटाएवढी रुंद. मोडून बघा, आत भेंडासारखी मऊ आणि पोकळ. दांड्याला पेरं नसतात. शेंड्याला बाजरीसारखं तपकिरी कणीस येतं, ती मादीफुलं. त्याच्या वरचा नरफुलांचा बारीक तुरा लवकर झडून जातो. कणीस पिकलं की कापूस उडतो आणि त्याबरोबर हजारो बिया.

नाव सांगताना गल्लत होते. देवनळाला पेरं असतात आणि तुरा मोकळा असतो. लव्हाळा ठेंगणा, त्याचा दांडा तिधारी, मुळाला गाठी. वेखंडाचं पान चोळलं की वास येतो, याचं येत नाही.

बी वाऱ्यावर कुठंही जातं, पण रुजतं ओल्या चिखलातच. म्हणून पिकाच्या रानात पाणकणीस उगवलं तर तणाआधी पाण्याचा विचार करा. तीन फूट खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. त्यात पाणी साठलं असेल तर उसाची मुळं गुदमरतात. खालचं पाणी वर चढून सुकतं आणि क्षार मागे राहतात. सांगलीकडं वाळवा, मिरज भागातल्या कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी अशाच क्षारपड झाल्या. आधी चर काढून पाण्याला उतार द्या, पाटपाणी मोजून द्या. मातीचा नमुनाही तपासून घ्या.

नुसतं कापून हे गवत जात नाही, चिखलातले गड्डे पुन्हा फुटतात. पाण्यात उभं असेल तर कणीस बाहेर पडताना पाण्याच्या पातळीखाली कापा. पाती म्हणजे गड्ड्याची श्वासाची नळी. ती बुडाली की गड्डा कुजतो. खणलेले गड्डे बांधावर कडक वाळवा, चारीत टाकू नका. जनावरं पितात त्या पाण्यात तणनाशक मारू नका.

तळ्याकाठचं मात्र सगळं काढू नका. ते गाळ अडवतं, पाणकोंबड्या त्यात घरटी करतात, आणि वाळलेली पाती चटईला, छपराला चालतात.