शस्त्रक्रियेतील रक्तदाब

जळगाव-धुळ्याकडील रोगी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस निघाला, की कपडे, डबा, पैसे आठवणीने बांधले जातात. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र घरीच राहते. वस्तुतः तीच मोलाची. हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्राकडे सोपविले असता रक्तवाहिन्या कधी कधी सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदू व मूत्रपिंडे यांस रक्त अपुरे मिळते. अशा वेळी नॉरॲड्रेनॅलिन हे औषध शिरेतून मापून देतात. मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणारे हे द्रव्य स्वीडनचे फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ओळखले. त्याने वाहिन्या पुन्हा आवळतात. परंतु रामिप्रिलसारखी गोळी चालू असल्यास त्याचाही प्रभाव क्वचित उणा पडतो. ती गोळी केव्हा थांबवावी, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे; रोग्याने परस्पर थांबवू नये. त्यासाठी चिठ्ठी तेवढी बरोबर न्यावी.