आपल्या रुग्णाकडे आपल्या डोळ्यांनी

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे कापड, साबण, दंतमंजन अशा वस्तू उभ्या राहतात. वस्तूंचे स्वदेशीपण आवश्यक आहेच. परंतु त्याच्याही आधी येते ते दृष्टीचे स्वदेशीपण. आपल्या समाजाचे दुखणे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो? मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून दिले. १९२५ साली जन्मलेल्या आणि २०१६ साली निवर्तलेल्या या संशोधकाला राष्ट्राने २०१२ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. पारशी समाजाने या भूमीच्या चरणी वाहिलेल्या असंख्य रत्नांपैकी हे एक. तरीही आपल्या घराघरांत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही.

मी वैद्यक नव्हे, पत्रकार आहे. तेव्हा आधी विषय साध्या शब्दांत मांडतो. आपण हात उचलतो, तेव्हा आज्ञा मेंदूत जन्म घेते, मज्जारज्जूतून खाली उतरते, मज्जातंतूंतून प्रवास करते आणि अखेरीस स्नायूपर्यंत पोहोचते. या साखळीतील कोणतीही कडी निखळली तरी बाहेरून दिसणारी गोष्ट एकच : माणूस अडखळतो, त्याची शक्ती जाते, स्नायू झिजतात. दोष स्नायूत आहे, तंतूत आहे, मज्जारज्जूत आहे की लहान मेंदूत, हे शोधणे म्हणजे या शास्त्राचे अर्धे काम. वाडिया इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मायदेशी परतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी या कामाचा पाया घातला. पुढे जसलोक रुग्णालयात त्यांनी ते वाढवले. एमआरआय यंत्र तेव्हा नव्हते, जनुकीय चाचणी नव्हती. साधने होती ती दोनच : निरीक्षण आणि रुग्णाशी मनमोकळे बोलणे.

त्यांच्यासमोर काही रुग्ण आले. चालताना झोक जाणारे, बोलणे जड झालेले. पाश्चात्त्य ग्रंथांत अशा आनुवंशिक विकारांची वर्णने होती. ‘तोच हा विकार’ असे म्हणून पान उलटणे सोपे होते. वाडियांनी पान उलटले नाही. या रुग्णांच्या डोळ्यांत त्यांना काही वेगळे दिसले. आपण वाचतो किंवा इकडून तिकडे पाहतो, तेव्हा आपली नजर सरकत नाही, उडी मारते. ती इतक्या वेगाने उडी मारते की आपल्याला जाणवतही नाही. या रुग्णांची नजर उडी मारीत नव्हती, संथपणे ओढल्यासारखी जात होती. डॉ. स्वामी यांच्यासह वाडियांनी एक-दोन नव्हे, नऊ कुटुंबे तपासली आणि १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या विख्यात ब्रिटिश नियतकालिकात हा विकाराचा एक नवा प्रकार असल्याचे मांडले. भारतीय कुटुंबांच्या डोळ्यांतून वाचलेले हे निदान जगाच्या ग्रंथांत गेले.

या निरीक्षणाचे मोल काळाने सिद्ध केले. १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष सापडला. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात त्याची पुनरावृत्ती बहुधा २२ वेळा असते; ती साधारण ३३ च्या पुढे गेली की हा विकार उद्भवतो. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवून दिले की, संथ नजर हीच या विकाराची महत्त्वाची खूण आहे. गोष्ट येथेच संपत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आढळले की, याच जनुकातील मध्यम लांबीची पुनरावृत्ती एएलएस या विकाराचा धोका वाढवते. एएलएस म्हणजे हालचालीच्या मज्जापेशी मरून हातापायांचे, गिळण्याचे आणि अखेरीस श्वासाचेही स्नायू निकामी करणारा दुर्धर आजार. या जनुकाला आवर घालणारे एक औषध एएलएसच्या रुग्णांवर योजून पाहिले गेले. अपेक्षित लाभ न दिसल्याने ती चाचणी २०२४ मध्ये थांबवण्यात आली. विज्ञान असेच चालते. अपयशही नोंदवून ठेवते आणि पुढचे पाऊल टाकते.

आता दुसरा प्रसंग पाहा. १९७१ साली देशभर डोळे येण्याची साथ पसरली होती. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या त्या काळात बंगालमध्ये लोकांनी या साथीला ‘जय बांगला’ असेच नाव दिले होते. डोळे लाल होत, चार दिवसांत बरे होत, लोक कामाला लागत. मात्र मुंबईत काही धडधाकट प्रौढ माणसांचे पाय काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लुळे पडू लागले. लक्षणे पोलिओसारखी, पण पोलिओ हा तर बालकांचा आजार मानला जात होता. पाय गळालेला माणूस बऱ्या झालेल्या डोळ्यांविषयी आपणहून कशाला सांगेल? ते वैद्यानेच विचारावे लागते. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळे आणि पाय यांमधील हा दुवा पकडला आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगासमोर ठेवला. १९८१च्या साथीतही त्यांनी असे रुग्ण अभ्यासले. त्या विषाणूचे, एंटेरोव्हायरस ७० चे, मज्जारज्जूवरील दुष्परिणाम जगाला प्रामुख्याने या मुंबईच्या अभ्यासामुळे कळले.

बंधू-भगिनींनो, या दोन्ही शोधांत महागडे यंत्र नाही. आहे ती ‘माझ्यासमोरचा माणूस मला काही सांगतो आहे’ ही श्रद्धा. म्हणूनच २००५ मध्ये वाडियांनी संपादित केलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘भारतीय दृष्टिकोन’ आहे. हा पाश्चात्त्यांचा द्वेष नव्हे. शास्त्र त्यांच्याकडून घेतले, नियतकालिकेही त्यांचीच. डोळे मात्र स्वतःचे. स्वत्व आणि ज्ञान यांत विरोध नसतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

परंतु या कथेत आणखी एक नायक आहे, त्याला आपण विसरता कामा नये. ती नऊ कुटुंबे. त्यांनी आपल्या घरचे दुखणे झाकले असते, ‘आमच्या घराण्यात असे काही नाही’ म्हटले असते, तर हे संशोधन झालेच नसते. आणि येथेच आपल्या समाजाची दुखरी नस आहे. आनुवंशिक आजार आपण लपवतो. मुलीचे लग्न जमणार नाही, मुलाचे स्थळ मोडेल, या भयाने काकांचा झोक जाण्याला ‘दारूची सवय’ म्हटले जाते आणि आजीच्या थरथरीला ‘म्हातारपण’. कुठे करणीचा संशय घेतला जातो, तर कुठे नव्या सुनेच्या पायगुणाला दोष दिला जातो. शास्त्र मात्र स्पष्ट सांगते : वर सांगितलेल्या विकारात आई किंवा वडील यांपैकी एकाला दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के. पुढच्या पिढीत तो बहुधा आधीच्या वयात प्रकटतो. लपवल्याने दोष नाहीसा होत नाही. तो न कळवता पुढच्या पिढीच्या पदरात टाकला जातो.

याचा अर्थ कुंडलीऐवजी जनुकांचा तक्ता पुढे करून माणसे नाकारावीत, असा मुळीच नाही. तो दुसरा अन्याय ठरेल. या विकारावर आज मुळापासून बरे करणारा उपचार नाही. म्हणून चाचणी करायची ती तज्ज्ञांच्या समुपदेशनानंतर आणि त्या व्यक्तीच्या इच्छेने. तिचा निष्कर्ष चारचौघांत चघळण्याचा विषय नव्हे.

मग आपण काय करावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्नायूंचा ऱ्हास आणि दीर्घकालीन मज्जाविकार यांना दिव्यांगतेच्या यादीत स्थान दिले आहे. प्रमाणपत्रासाठी खेटे घालणाऱ्या कुटुंबासोबत आपल्यापैकी एकाने जावे. आपल्या वस्तीत चाकाच्या खुर्चीवरचे मूल असेल, तर उत्सवाचे स्थान ठरवताना तिथे पायऱ्या किती, हे आधी मोजावे. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या आईला आठवड्यातून दोन तास विसावा द्यावा. आणि अशा घरात आपले जाणे-येणे इतके सहज असावे की त्यांना काही झाकण्याची गरजच भासू नये. समाज हे एक शरीर आहे असे आपण नेहमी म्हणतो. शरीराचा एक अवयव दुखतो तेव्हा त्याची जाणीव उरलेल्या शरीराला होत नसेल, तर मज्जातंतूंचा विकार रुग्णाला नव्हे, आपल्याला झाला आहे असे समजावे.

डॉ. वाडियांना खरी आदरांजली वाहायची, तर आपल्या माणसाकडे आपल्या डोळ्यांनी आणि न कंटाळता पाहण्यास आपण शिकले पाहिजे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

भारत माता की जय!